वारसा कर असावा का? – मताचा प्रश्न संशोधनाचा प्रश्न कसा होतो

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं, ‘भारतात वारसा कर असावा का?’ मला ते फार भारी वाटत होतं. कमिटीसमोर मी दहा मिनिटं बोललो. विषमता, संधीची समानता, परदेशातले दर, सगळं झालं. मग एका ज्येष्ठ सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “तुमचं उत्तर ‘असावा’ हे आहे ना? ते तुम्हाला आजच ठाऊक आहे. मग पुढची तीन-चार वर्षं करणार काय?”

मी गप्प झालो. सिनॉप्सिस परत आला.

हा लेख त्या प्रश्नाचं मला उशिरा सुचलेलं उत्तर आहे. तुम्ही पेट देऊन बसला असाल, विषय शोधत असाल, तर वारसा कर हा सरावासाठी उत्तम विषय आहे, कारण त्यावर प्रत्येकाचं मत असतं. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत तो काही दिवस टीव्हीवर गाजला, तेव्हा आमच्या मेसमध्येही दोन तट पडले होते. एक म्हणत होता, “बापाने घाम गाळून कमावलं, त्यावर कर भरला, आता मेल्यावर पुन्हा कर?” दुसरा म्हणत होता, “पोराने काय केलं म्हणून त्याला फुकट मिळावं?” दोघंही तावातावाने बोलत होते. पण नीट ऐकलं तर ते एकमेकांना उत्तरच देत नव्हते. पहिला देणाऱ्याबद्दल बोलत होता, दुसरा घेणाऱ्याबद्दल.

हा फरक लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

१. कर कोणाकडून मोजायचा?

वारशावर कर लावायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत मृताची सगळी मालमत्ता एकत्र मोजतात, एका मर्यादेपर्यंत सूट देतात आणि उरलेल्यावर कर घेतात. वारस एक असो की पाच, फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये ढोबळमानाने असंच आहे: ३,२५,००० पौंडांची मूळ करमुक्त मर्यादा, त्यावर ४०% कर आणि सोबत बऱ्याच सवलती. दुसऱ्या पद्धतीत मृताकडे न बघता प्रत्येक वारसाला किती मिळालं ते बघतात. आयर्लंडमध्ये अशी पद्धत आहे. तिथे मुलाला आईवडिलांकडून आयुष्यभरात मिळालेल्या भेटी आणि वारसा यांची बेरीज धरतात. ऑक्टोबर २०२४पासून मुलांसाठीची मर्यादा ४,००,००० युरो आहे आणि त्यावरच्या रकमेला ३३% कर.

कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. आकडे घालून बघू. हे आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी.

समजा, पहिल्या पद्धतीत ५ कोटींपर्यंत सूट आहे आणि वरच्या रकमेला २०% कर. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक वारसाला २ कोटींपर्यंत सूट आणि वर २०%. आता तीन घरं घ्या:

– घर क्रमांक १: मालमत्ता ६ कोटी, मूल एकच.
– घर क्रमांक २: मालमत्ता ६ कोटी, मुलं चार.
– घर क्रमांक ३: मालमत्ता साडेचार कोटी, मूल एकच.

पहिल्या पद्धतीत घर १ आणि घर २ प्रत्येकी २० लाख कर भरतात, घर ३ काहीच भरत नाही. म्हणजे ज्या चौघांना दीड-दीड कोटी मिळणार, ते कर भरतात. आणि ज्या एकाला साडेचार कोटी मिळाले, तो सुटतो! दुसऱ्या पद्धतीत चित्र उलटं होतं. घर १चा मुलगा ८० लाख भरतो, घर ३चा ५० लाख, आणि घर २मधली चारही भावंडं शून्य.

‘न्याय्य’ कोणती? कष्ट न करता मिळालेल्या फायद्यावर कर हवा असं तुम्ही मानत असाल, तर दुसरी सुसंगत आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८च्या आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात असाच विचार मांडला होता: माणसाने किती मागे ठेवावं यापेक्षा, एकाला वारशाने किती मिळावं यावर मर्यादा घालावी. मात्र पहिली पद्धत राबवायला सोपी आहे, एका मृत्यूमागे एकच हिशेब. इथे तुमच्या लक्षात आलं असेल की ‘असावा का’ या प्रश्नात निदान दोन वेगळे कर लपलेले आहेत. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हे एका ओळीतही नव्हतं.

२. ‘एकदा कर भरला की, पुन्हा कशाला?’

मेसमधल्या पहिल्या मित्राचा हा मुद्दा सोडून देऊ नका. तो अर्धा बरोबर आहे. पगारातून कर कापून उरलेले पैसे एफडीत ठेवले आणि तेच मुलांना गेले, तर त्या पैशावर खरंच एकदा कर भरलेला असतो. पण मोठ्या मालमत्तेत बहुतेक वाटा साठवलेल्या पगाराचा नसतो. जमीन, फ्लॅट, शेअर यांची वाढलेली किंमत त्यात असते, आणि विकेपर्यंत त्या वाढीवर कर लागत नाही.

मग वारसाने विकल्यावर काय होतं? अमेरिकेत वारसाची खरेदी किंमत म्हणून मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरतात. म्हणजे आजोबांच्या हयातीत झालेली वाढ आयकराच्या दृष्टीने कायमची पुसली जाते. भारतात तसं नाही. वारसाने विकलं की मूळ मालकाची खरेदी किंमत धरून भांडवली नफा काढतात. मालमत्ता फार जुनी असेल तर १ एप्रिल २००१चा बाजारभाव घेण्याची मुभा असते. त्यामुळे ‘वाढीवर कधीच कर लागला नाही’ हा अमेरिकेतला युक्तिवाद जसाच्या तसा इथे आणता येत नाही. परदेशी पेपर वाचताना ही खबरदारी घ्या. निष्कर्षाच्या आधी तिथला कायदा वाचा.

३. माणसं मागे का ठेवतात?

आता कार्यक्षमतेकडे वळू. अर्थशास्त्रात कर कार्यक्षम आहे की नाही हे बघताना ‘लोक आपलं वागणं किती बदलतात’ हे बघतात. करामुळे कोणी कमी काम केलं, कमी बचत केली, तर सरकारला न मिळता समाजाचं जे नुकसान होतं ती खरी किंमत. वागणं बदललंच नाही, तर पैसा फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला.

म्हणून आधी विचारायचं, माणूस मागे पैसा का ठेवतो? साहित्यात साधारण चार उत्तरं सापडतात.

पहिलं, तो ठेवत नाही, राहून जातो. म्हातारपण किती लांबेल, दवाखान्याचं बिल किती येईल, कोणाला ठाऊक? म्हणून जपून खर्च केला आणि आधीच गेला. इथे कर लावल्याने वागणं जवळपास बदलत नाही.

दुसरं, माया. मुलांच्या हातात किती पडेल याचा तो विचार करतो. इथे परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. कोणी म्हणेल, ‘निम्मं सरकार घेणार, मग कशाला साठवू?’ तर कोणी म्हणेल, ‘पोरीला एवढं मिळायलाच हवं, अजून साठवतो.’ कोणता परिणाम भारी ठरेल हे सिद्धांत सांगत नाही.

तिसरं, देवाणघेवाण. ‘जो बघेल त्याच्या नावावर करीन.’ हे आपल्याला नवं नाही, पण १९८५मध्ये बर्नहाइम, श्लायफर आणि समर्स यांनी ते अमेरिकेतल्या आकडेवारीवर तपासलं. जिथे दोन किंवा अधिक मुलं होती, तिथे आईवडिलांकडे मागे ठेवण्याजोगी संपत्ती जास्त असेल तर मुलांचं येणं-जाणं आणि फोन जास्त. एकुलत्या मुलाच्या घरात हा संबंध दिसला नाही. स्पर्धाच नाही ना!

चौथं, संपत्ती असण्याचंच समाधान. धंदा वाढवणं हेच ज्याचं सुख, त्याला मरणानंतरच्या कराचं फारसं सोयरसुतक नसतं.

हे चार हेतू वेगळे कसे ओळखायचे? मायकेल हर्ड यांनी १९८७मध्ये एक साधी युक्ती केली. मुलांसाठीच बचत होत असेल, तर मुलं असलेल्या निवृत्त माणसांनी निपुत्रिकांपेक्षा जास्त जपून खर्च करायला हवा. अमेरिकेतल्या आकडेवारीत तसं आढळलं नाही. याचा अर्थ ‘माया नसते’ असा नाही. याचा अर्थ इतकाच, की नुसत्या संपत्तीकडे बघून हेतू कळत नाही, तुलनेसाठी योग्य गट शोधावा लागतो. अशी युक्ती सुचणं हेच संशोधनातलं निम्मं काम.

वारसांच्या बाजूनेही वागणं बदलतं. आयता पैसा मिळाला की पोरं आळशी होतात, असं अँड्र्यू कार्नेगी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्हणत होता. होल्ट्झ-ईकिन, जूल्फायान आणि रोझेन यांनी १९९३मध्ये करखात्याच्या नोंदींवर ते तपासलं. साधारण दीड लाख डॉलर वारसा मिळालेली एकटी व्यक्ती, २५,००० डॉलरपेक्षा कमी मिळालेल्या व्यक्तीच्या तुलनेत काम सोडण्याची शक्यता सुमारे चौपट होती. म्हणजे वारशावरच्या कराने वारसाचं काम वाढण्याची शक्यता आहे, आणि त्या कामावर पुन्हा आयकर मिळतो. ‘कराने काम कमी होतं’ हे वाक्य इथे निम्म्या चित्रापुरतंच खरं.

४. एक सूत्र, आणि ते कुठे फसतं

मी एमएस्सी स्टॅटिस्टिक्सचा. सूत्र दिसल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे सूत्र दहावीच्या गणितात बसतं.

कराचा दर ‘द’ धरा. कर गेल्यावर वारसाच्या हाती उरणारा वाटा (१ − द). हा उरणारा वाटा १%ने कमी झाला, तर करासाठी दाखवलेली मालमत्ता ‘ल’ टक्क्यांनी कमी होते असं समजा. ‘ल’ म्हणजे लवचिकता. आता दर थोडा वाढवला तर एकीकडे वसुली वाढते, दुसरीकडे मालमत्ता आक्रसल्याने घटते. दोन्ही समान झाल्या की वसुली कमाल होते:

१ − द = द × ल, म्हणून द = १ ÷ (१ + ल)

ल ०.२ असेल तर दर सुमारे ८३%. ०.५ असेल तर ६७%. १ असेल तर ५०%. २ असेल तर ३३%.

दोन गोष्टी लगेच नोंदवा. एक, हा कमाल वसुलीचा दर आहे, योग्य दर नव्हे. त्याच्यावर गेलात तर सर्वांचंच नुकसान. पण त्याच्या खाली कुठे थांबायचं हे सूत्र सांगत नाही. दोन, ते ठरवायला कोणाच्या सुखाला किती वजन द्यायचं हे आधी सांगावं लागतं.

दुसऱ्या मुद्द्यावर दोन प्रसिद्ध पेपर शेजारी ठेवून वाचा. फारही आणि वेर्निंग (२०१०) देणाऱ्या पिढीपासून सुरुवात करतात. फक्त आईवडिलांचंच समाधान मोजलं, तर त्या चौकटीत वारशावर वेगळा कर लावायचं कारणच उरत नाही. त्यात मुलांचं सुख स्वतंत्रपणे आणखी मोजलं, तर वारसा ठेवण्याला उलट अनुदान द्यावं असं उत्तर येतं. मात्र लहान वारशाला जास्त आणि मोठ्याला कमी, म्हणजे रचना चढत्या दराचीच. पिकेटी आणि साएझ (२०१३) घेणाऱ्यांकडून बघतात, विशेषतः ज्यांना जवळपास काहीच वारसा मिळत नाही त्यांच्याकडून. फ्रान्स आणि अमेरिकेची आकडेवारी घालून त्यांचं उत्तर येतं की इष्ट दर ५० ते ६०% असू शकतो, सर्वांत मोठ्या वारशांसाठी त्याहूनही जास्त.

अनुदानापासून ६०%पर्यंत! गणित दोन्हीकडे चोख आहे. मेसमधल्या दोन मित्रांचंच भांडण हे. फरक इतकाच, की इथे प्रत्येकाने आपलं गृहीतक पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. संशोधकाला मूल्यं नसावीत असं मुळीच नाही. ती मांडणीत कुठे बसली आहेत हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

५. ८५% दर आणि २० कोटी रुपये

आता घरचं उदाहरण. भारतात वारशावरचा कर होता. इस्टेट ड्युटी कायदा ऑक्टोबर १९५३मध्ये लागू झाला आणि मृताच्या एकूण मालमत्तेवर, म्हणजे वरच्या पहिल्या पद्धतीने, कर घेऊ लागला. पुढे सर्वांत वरचा दर ८५%पर्यंत गेला, २० लाखांवरच्या टप्प्यासाठी. १६ मार्च १९८५ रोजी अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी अर्थसंकल्पात हा कर रद्द केल्याचं जाहीर केलं. कारणं त्यांच्या भाषणात आहेत: वसुली जेमतेम २० कोटी रुपये, ती करायचा खर्च त्या मानाने जास्त, संपत्ती कर आणि इस्टेट ड्युटी असे एकाच मालमत्तेवर दोन कायदे असल्याने वारसांना होणारा जाच, आणि विषमता कमी करण्याचा मूळ हेतूही साधला नाही ही कबुली.

सूत्राकडे परत या. ८५% हा दर कमाल वसुलीचा असण्यासाठी ‘ल’ ०.१८च्या खाली असावा लागतो. म्हणजे लोकांनी जवळजवळ काहीच हालचाल करू नये! प्रत्यक्षात हयातीतच नावावर करणं, ट्रस्ट, कुटुंबात वाटण्या, किंमत कमी दाखवणं, असे मार्ग होते. १९५८मध्ये भेटींवर वेगळा कर आणून त्यातली एक वाट अडवायचा प्रयत्न झाला. तो करही १९९८मध्ये गेला. संपत्ती कर २०१५च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

यातून ‘भारतात वारसा कर चालत नाही’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. मला यातून दुसरंच शिकायला मिळालं. शाळेत आपण पाण्याचा उत्कलनांक १०० अंश सेल्सिअस पाठ करतो, पण तो समुद्रसपाटीच्या दाबाला. दाब सांगितल्याशिवाय उत्कलनांक सांगणं अपुरं. ‘ल’चंही तसंच आहे. तो माणसाच्या स्वभावाचा स्थिरांक नाही, तो कायद्यासोबतच सांगावा लागतो. सवलतींची भोकं जास्त, तर ‘ल’ मोठा आणि योग्य दर लहान. भोकं बुजवली की ‘ल’ कमी होतो आणि बेताच्या दरातही वसुली होते. ८५% दर आणि चाळणीसारखा पाया, यापेक्षा कमी दर आणि घट्ट पाया कार्यक्षम. आणि न्याय्यही, कारण चाळणीतून निसटायला वकील-सीए लागतात, ते सगळ्यांना परवडत नाहीत. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या सात वर्षं आधी दिलेली भेट सहसा करातून सुटते. ज्याच्याकडे शेअर आहेत तो वेळेत देऊन टाकतो. ज्याची सगळी पुंजी म्हणजे राहतं घर, तो काय देणार?

राहत्या घराचा प्रश्न आपल्याकडे तर फारच खरा. मुंबईत तीन कोटींचा फ्लॅट आणि खात्यात तीन लाख, अशी कितीतरी कुटुंबं आहेत. करासाठी घर विकायला लागणं कोणालाच न्याय्य वाटणार नाही. यावर उपाय आहेत: मर्यादा पुरेशी उंच ठेवणं, हप्ते देणं. ब्रिटनमध्ये घर-जमिनीवरचा कर दहा वार्षिक हप्त्यांत भरता येतो.

आणि शेतजमीन? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेतजमिनीच्या वारशावरचे कर राज्य सूचीत आहेत, बाकी मालमत्तेचे केंद्राच्या सूचीत. म्हणजे पुण्यातला फ्लॅट आणि जुन्नरची जमीन एकाच वडिलांची असली, तरी केंद्राला एकट्याने दोन्हींवर कर लावता येत नाही. एकावर कर आणि दुसरीवर नाही, तर पैसा कुठे वळेल? महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहज घेता येत नाही, पण ज्याच्याकडे आधीच सातबारा आहे त्याला ती वाट मोकळीच. ‘ल’ मोठा व्हायचं आणखी एक कारण.

६. मोजणार कसं?

कायदा बदलतो त्या दिवसाच्या अलीकडे-पलीकडे बघणं, ही एक हमखास युक्ती. ऑस्ट्रेलियाने १ जुलै १९७९ रोजी केंद्राचा वारसा कर काढला. गान्स आणि ली या अर्थशास्त्रज्ञांनी रोजच्या मृत्यूंची आकडेवारी तपासली. जूनच्या शेवटच्या आठवड्यातले सुमारे ५० मृत्यू जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘सरकले’ होते. कर लागू शकला असता अशांपैकी निम्म्याहून जास्त!

वाचून हसू येतं. पण पुढचं वाक्य लेखकांनी स्वतःच लिहिलंय: मृत्यूची तारीख चुकीची नोंदवली गेली असण्याची शक्यता आम्ही नाकारू शकत नाही. म्हणजे मोजलं काय? माणसं खरंच चार दिवस जास्त जगली, की कागदावर जगली? दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा. तुमच्या डेटातला प्रत्येक रकाना कोणीतरी, काहीतरी हेतू ठेवून भरलेला असतो, हे या एका पेपरने मला पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त चांगलं शिकवलं.

भारतात १९८५नंतर वारशाची करनोंदच उरली नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीचं कर्ज व गुंतवणूक सर्वेक्षण आहे (७७वी फेरी, २०१९), त्यात कुटुंबाची मालमत्ता आणि कर्ज कळतं. घराघरात कोणाला किती गेलं, हे दस्तनोंदणीत विखुरलेलं आहे. माझा सध्याचा विषय तिथूनच निघाला, आणि तो लायब्ररीत सुचला नाही.

७. आत्याची सही

आजोबा गेल्यावर वर्षभराने आम्ही सगळे तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो होतो. माझ्या दोन्ही आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. अंगठ्याचा ठसा, फोटो, दहा मिनिटांचं काम. बाहेर येऊन चहा झाला. धाकटी आत्या म्हणाली, “माहेर राहिलं म्हणजे झालं.” जमीन आणि घर बाबांच्या नावावर झालं. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

पुढे पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझी फेलोशिप आठ महिने रखडली. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे बाबांनी पाठवले. ते त्या जमिनीच्या खंडाचे होते. म्हणजे ‘संधीची समानता’ यावर मी जो प्रबंध लिहितोय, तो आत्यांनी सोडलेल्या वाट्यावर चालला होता. धाकट्या आत्याची मुलगी माझ्याच वयाची, बीएस्सीला माझ्याहून जास्त मार्क. तिने पैशाअभावी एमएस्सी अर्धवट सोडली. हे मी कमिटीला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय.

आता हेच पुन्हा आकड्यांत बघा. आमची जमीन कुठल्याही मर्यादेच्या कितीतरी खाली, म्हणून वरचंच काल्पनिक उदाहरण घेऊ: ६ कोटी, एक भाऊ, दोन बहिणी. पहिल्या पद्धतीत कर २० लाख, बहिणींनी वाटा घेतला काय किंवा सोडला काय. तो कर या सहीकडे बघतच नाही. दुसऱ्या पद्धतीत तिघांना दोन-दोन कोटी मिळाले तर कर शून्य. बहिणींनी हक्क सोडला आणि सगळं भावाकडे गेलं, तर कर ८० लाख. म्हणजे घेणाऱ्याकडून मोजणारा कर हक्कसोडीला किंमत लावतो. मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेतला जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि केंद्राने २००५मध्ये कायद्यात आणला. कायद्याने हक्क दिला. तो न सोडण्याचं आर्थिक कारण मात्र कोणी दिलं नाही. कराची रचना ते देऊ शकेल का?

लगेच ‘हो’ म्हणू नका. तेव्हा मीही म्हटलं होतं. बहिणींची नावं फक्त कागदावर ठेवून पीक भाऊच नेईल, असंही होऊ शकतं. ऑस्ट्रेलियासारखंच: बदललं काय, जगणं की नोंद? ते वेगळं ओळखायचं तर सातबाऱ्यावरचं नाव पुरत नाही. खंड कोणाच्या खात्यात जातो, कर्ज काढताना सही कोणाची लागते, हे विचारावं लागेल. मुद्रांक शुल्काच्या दरातले जुने बदल आणि त्याच्या आगेमागे झालेली हक्कसोडपत्रं, बक्षीसपत्रं यांची संख्या बघता येईल. हा प्रश्न तीन-चार वर्षं पुरणारा आहे, कारण त्याचं उत्तर मला ठाऊक नाही.

तुमच्या विषयाचंही एकदा असंच करून बघा. एका कागदावर चार ओळी लिहा:

१. यात कोणाच्या बाजूने मोजतोय? (देणारा की घेणारा, मालक की मजूर, शाळा की विद्यार्थी.)
२. यातला कोणता भाग मूल्याचा आहे, जो डेटाने सुटणार नाही?
३. कोणता आकडा वेगळा आला, तर माझं मत बदलेल?
४. तो आकडा नोंदवणाऱ्याला खोटं नोंदवण्यात काही फायदा आहे का?

तिसऱ्या ओळीपुढे काहीच लिहिता आलं नाही, तर तो अजून मताचाच प्रश्न आहे. माझा होता.

गेल्या दिवाळीत धाकट्या आत्याला विषय सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे सही करायच्या आधी कुणी विचारलं असतं, तर मी काय म्हटलं असतं, हे शोधतोयस का तू?”

नवीन सिनॉप्सिसमध्ये माझ्या संशोधन-प्रश्नाचं इतकं नेमकं वाक्य नव्हतं.